मधुमेह, पोटाचा घेर आणि डोक्याचा वेग: खान्देशातल्या घरांतून येणारे प्रश्न

चोपड्यापासून साक्रीपर्यंत कुठल्याही घरात जा, मधुमेही माणूस तपासणी करून आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "शुगर किती आली?" कंबर किती भरली, हे कुणी विचारत नाही. वरचं बीपी किती होतं, हेही क्वचितच. मी मधुमेहाच्या रुग्णांशी आहार आणि दिनचर्येबद्दल बोलण्याचं काम करते. मेंदूचं नुकसान बऱ्याचदा या न विचारलेल्या दोन आकड्यांच्या वाटेनं होतं, हे मला कामात दिसलं आणि त्याआधी घरातच दिसलं होतं. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही माहिती आहे, उपचार नाही. गोळ्यांमध्ये बदल करायचा तो आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

मधुमेहाचा आणि विसरण्याचा खरंच संबंध आहे, की नुसतं वय झालंय?

संबंध आहे. टाईप २ मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या साधारण दीडपट ते दुप्पट असतो, आणि रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा त्याहून थोडा जास्तच. याचा अर्थ प्रत्येक मधुमेह्याला तो होणार असा नाही. बहुतेकांना होत नाही. पण "आता वय झालं, चालायचंच" म्हणून विषय मिटवू नका. २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या स्मृतिभ्रंश आयोगानं बदलता येण्यासारखी १४ कारणं मांडली. ती सगळी हटवता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, बैठी सवय आणि धूम्रपान ही सहा कारणं त्यातलीच, आणि ती बहुतेक वेळा एकाच माणसात एकत्र नांदतात.

सुरुवातीला काय बदलतं? नावं विसरणं?

नावं विसरणं सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याचीच चर्चा होते. "माले नावच याद ऱ्हात नही" ही तक्रार मी रोज ऐकते. मधुमेहात मात्र बऱ्याचदा आधी कमी होतो तो वेग. हिशेबाला वेळ लागतो, दोन कामं एका वेळी जमत नाहीत, ठरवलेल्या गोष्टीचा क्रम चुकतो.

माझे वडील जिनिंग फॅक्टरीत हिशेबाला होते. खतावणीच्या पानावर वरून खाली बोट फिरवायचे, आणि बोट तळाला टेकलं की बेरीज तोंडात तयार असायची. एका दिवाळीत मी पाहिलं, बोट तळाशी गेलं आणि तिथेच थांबलं. मग पुन्हा वर. मग तिसऱ्यांदा. बेरीज बरोबरच आली. म्हणून आम्ही कुणीच काही बोललो नाही. शुगर तेव्हा बरी होती. उपाशीपोटीचा आकडा आम्ही कॅलेंडरवर लिहीत असू. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र "आता बरं वाटतंय" म्हणून महिनोन् महिने बंद असायच्या, आणि तपासायला नेत होतो तिथेही त्याबद्दल कुणी खोदून विचारलं नाही. पुढे एमआरआय झाला तेव्हा मेंदूच्या आतल्या भागात लहान लहान जुन्या इजांचे ठिपके निघाले. एकाही इजेच्या वेळी त्यांना अर्धांगवायू झाला नव्हता, साधी चक्करही आली नव्हती.

तेव्हा उत्तर चुकण्याची वाट पाहू नका. उत्तराला लागणारा वेळ वाढलाय का, ते पाहा.

चरबी पोटात आणि मेंदू डोक्यात. दोघांचा संबंध येतोच कुठे?

चरबी दोन जागी साठते. एक कातडीखाली, चिमटीत धरता येते ती. दुसरी पोटाच्या आत, आतडी आणि यकृताच्या भोवती. ही आतली चरबी गप्प पडून राहत नाही. तिच्यातून सूज वाढवणारी रसायनं सतत रक्तात मिसळतात, आणि रक्तवाहिन्यांना जपणारं अ‍ॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक कमी होतं. तिच्यातून सुटलेली मेदाम्लं थेट यकृतात जातात. इन्शुलिन असून काम करेनासं होतं, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स नावाची चरबी चढते, रक्तदाब वाढतो.

मग हे सगळं रक्त जातं मेंदूकडे. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेतला २० टक्क्यांच्या आसपास वाटा तो एकटा घेतो. स्वतःजवळ साठा जवळजवळ नाही. त्यामुळे रक्तपुरवठ्यात जरा खोट आली की ती त्याला लगेच जाणवते.

रक्तवाहिन्यांचं नेमकं काय बिघडतं?

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे पटकन कळेल. मोठी मेन लाईन, तिच्यातून सबमेन, मग बारीक लॅटरल नळ्या, आणि शेवटी झाडाशी थेंब थेंब पाणी सोडणारे ड्रीपर. क्षाराचं पाणी असलं की आधी ड्रीपर बंद होतात, मेन लाईन नाही. वरून पाहणाऱ्याला मोटर चालू दिसते, फिल्टरचं मीटर बरोबर दिसतं, आणि सरीच्या टोकाकडचं झाड मात्र पिवळं पडत जातं.

मेंदूत खोलवर जो पांढरा भाग असतो तो असाच टोकाचा आहे. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला पोचवणाऱ्या तारा तिथून जातात, आणि त्यांना रक्त मिळतं ते केसाहून बारीक वाहिन्यांमधून. जास्त साखर, सूज आणि दाब यांनी या वाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं. ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्यानं वाहिनी गरजेप्रमाणे रुंद होते. माणूस विचार करायला लागला की मेंदूच्या त्या भागाला जास्त रक्त लागतं. अस्तर बिघडलं की ते वेळेवर येत नाही. तारा तुटत नाहीत, पण निरोप रेंगाळतो. वडिलांचं बोट पानाच्या तळाशी थांबलं ते बहुधा यामुळेच.

दुसरा बिघाड मेन लाईनमध्येच होतो. हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी लवचिक असते. प्रत्येक ठोक्याला ती फुगते आणि धक्का स्वतःच पचवते. मधुमेह आणि उच्च रक्तदाबानं ती लवकर ताठ होते. मग तो धक्का तसाच पुढे जातो, आणि त्याचा मारा मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्याचा पडदा या नाजूक जागांवर होतो, कारण या अवयवांकडे रक्ताची वाट कायम मोकळी असते. वरचं बीपी १६० आणि खालचं ७० असं आलं, तर "खालचं तर चांगलंय" म्हणून निश्चिंत होऊ नका. दोन आकड्यांतलं मोठं अंतर हे ताठ झालेल्या धमनीचं लक्षण असू शकतं.

आमचे आप्पा तर काटकुळे आहेत. त्यांना कसली आलीय चरबी?

हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं हेच दाखवून दिलं आहे, की भारतीय माणूस दिसायला बारीक आणि आतून चरबीचा असू शकतो. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआय दोघांना एकच उत्तर देत होता.

आपल्याकडचे आप्पा, नाना, आबा बरेचसे असेच. हातपाय काड्या आणि सदऱ्याखाली गोल पोट. स्नायू कमी, आतली चरबी जास्त. म्हणून वजनाऐवजी घेर मोजायचा.

घेर मोजायचा कसा? पँटची साईज ३४ आहे, ते चालेल?

नाही चालणार. पुरुष पँट पोटाच्या खाली घालतात, त्यामुळे पँटची साईज वीस वर्षं तीच राहते आणि पोट पट्ट्यावरून पुढे येतं. शिंप्याची टेप घ्या. उभं राहा, कपडा बाजूला करा. बाजूला शेवटची बरगडी कुठे संपते ते चाचपा, कमरेचं हाड कुठे सुरू होतं ते चाचपा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी फिरवा. पोट आत ओढायचं नाही. सहज श्वास सोडला की वाचायचं. बायकांनी परकराच्या नाडीचा वळ हीच खूण धरू नये. तो वळ बऱ्याचदा खाली असतो.

आपल्या लोकांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरतात, त्यात कंबरेचं माप विचारलेलं असतं. ते अंदाजानं सांगू नका, त्यांना मोजायला लावा.

शुगर अगदी काटेकोर ठेवली तर मेंदू वाचेल ना?

इथे माझंही मत बदललं आहे. आधी मी हेच सांगायचे.

अमेरिका आणि कॅनडात अ‍ॅकॉर्ड नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यातल्या ५५ ते ८० वयाच्या सुमारे ३,००० मधुमेहींची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग ४० महिने तपासला. एका गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६ च्या खाली आणायचा प्रयत्न केला, दुसऱ्याची ७ ते ७.९ ठेवली. काटेकोर गटात मेंदूचा आकार किंचित जास्त टिकला, पण विचारांच्या चाचण्यांत फरक पडला नाही. आणि त्या काटेकोर गटात मृत्यू जास्त झाल्यामुळे साखरेचा तो भाग २००८ मध्ये आधीच थांबवावा लागला.

म्हणून साखरेकडे लक्ष देणं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. वर्षानुवर्षं ९-१० चा एचबीए१सी डोळे, मूत्रपिंडं, पाय सगळं खातो. पण सत्तरीच्या आजीचा आकडा ६ वर आणायच्या नादात तिची साखर वारंवार खाली पडत असेल, तर ते मेंदूला महाग पडतं. वयस्क माणसात साखर पडली की घाम आणि थरथर येईलच असं नाही. आजी नुसती गोंधळते, भाकरी तव्यावर ठेवून दाराशी जाऊन बसते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्रीचे उपास करायचे असतील, तर आधी डोस विचारून घ्या. वयस्क आणि इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर ८ च्या आसपासचं लक्ष्यही ठरवतात, आणि ते निष्काळजीपणानं ठरवलेलं नसतं.

मग रक्तदाबाचा पुरावा किती पक्का?

मधुमेहींच्या बाबतीत चित्र सरळ नाही, हे आधी सांगते. अ‍ॅकॉर्डमध्ये वरचं बीपी १२० च्या खाली आणूनही विचारशक्तीला फायदा दिसला नव्हता. पण २०२५ मध्ये चीनच्या खेड्यांतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. ३२६ गावं, रक्तदाब ताब्यात नसलेली सुमारे ३४ हजार माणसं, ४ वर्षं. निम्म्या गावांत स्थानिक आरोग्यसेवकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या सुरू केल्या, वाढवल्या, घरी बीपी मोजायला शिकवलं. त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्के कमी झाला. हे मोठ्या शहरातल्या यंत्रांनी झालं नाही. गावातल्या माणसानं, साध्या गोळ्या नियमित देऊन झालं. म्हणून मला त्यातून आपल्यासाठी सगळ्यात जास्त आशा वाटते.

मधुमेहात साधारणपणे १३०/८० च्या खाली हे लक्ष्य असतं. फार वयस्क, उठताना चक्कर येणाऱ्यांसाठी ते वेगळं असू शकतं. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर. एसटीतून उतरून थेट दवाखान्यात शिरलात तर आकडा चढाच येणार.

आणि मीठ. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आपल्या ताटात भाजीबरोबर ठेचा, लोणचं, वर चुरलेली शेव, बाजूला उडदाचा पापड, उन्हाळ्यात वाळवलेल्या बिबड्या. पापडखारातही सोडियमच असतं, हे बऱ्याच काकूंना पहिल्यांदाच कळतं. रोजचा पापड सणावारी करा. एवढ्यानंही फरक पडतो.

वजन उतरवलं तर डोकं पुन्हा तल्लख होईल?

झालेली इजा भरून येईल असं वचन देता येत नाही. पुढची टाळता येण्याची शक्यता मात्र खरी आहे. नुसतं वजन घटवण्यापेक्षा सगळ्या बाजूंनी एकदम काम केलं तर फायदा दिसतो. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, डोक्याला काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं. २०१५ साली निकाल आले, तेव्हा त्यांची विचारशक्ती तुलनेच्या गटापेक्षा चांगली टिकलेली होती. ते सगळे मधुमेही नव्हते, पण आपली वाट तीच आहे.

पोटातल्या चरबीबद्दल दिलासा देणारी गोष्ट अशी की नियमित चालण्यानं ती आधी हलते. काट्यावर किलो न उतरताही टेपवर दोन सेंटिमीटर कमी दिसू शकतात.

सत्तरीपुढे मात्र उलटं लक्ष ठेवा. प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर आनंद मानू नका. स्मृतिभ्रंश उघड व्हायच्या आधी काही वर्षं वजन आपोआप घटू लागतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

खाण्यात काय सोडायचं? भरीत-भाकरी चालेल का?

भरीत चालेल, आणि आनंदानं खा. वांगं भाजलेलं, कांद्याची पात, शेंगदाणे. अडचण भरतात नाही, त्यावर तरंगणाऱ्या तेलात आणि सोबतच्या पुऱ्यांत आहे. पुरीऐवजी कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत उडीद दळलेला असल्यानं नुसत्या ज्वारीपेक्षा प्रथिनं जास्त मिळतात, आणि काटकुळ्या आप्पांना स्नायूंसाठी तीच हवी आहेत.

शेवभाजी ही तळलेल्या बेसनाला तेलाच्या तर्रीत बुडवलेली भाजी आहे. आठवड्याची सवय असेल तर महिन्यावर आणा. वरण-बट्टीची बट्टी वाफवून झाल्यावर तळू नका. तशीच कुस्करा, वरून एक चमचा तूप. घरात माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर तेल, हे माप किराणा भरतानाच लक्षात ठेवा. जेवताना मोजणं कुणालाच जमत नाही.

केळ्याबद्दल रावेर-यावलचे लोक अगदी काकुळतीनं विचारतात. बागेत राहून केळं खायचं नाही, हे कसं शक्य आहे? लहान आणि फार न पिकलेलं एक केळं, जेवणावर नाही तर मधल्या वेळेला, बहुतेकांना चालतं. खाऊन दोन तासांनी साखर मोजा, तुमचं शरीरच उत्तर देईल. केळीचे वेफर्स मात्र फळ नव्हे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस वाटीनं, तांब्यानं नाही, आणि त्या दिवशी पोळ्या कमी.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. चालायचं कधी?

पहाटे. आणि रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, अंगणात किंवा गच्चीवर; जेवणानंतरच्या साखरेला हे फार मानवतं. आठवड्याला १५० मिनिटं भरली पाहिजेत. त्यासोबत आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम: हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणं-बसणं, भरलेल्या पाण्याच्या बाटल्या उचलणं. "शेतात राबतो की" असं म्हणणाऱ्यांना मी मोटारसायकलचा हिशेब विचारते. बांधापर्यंत गाडीनं जाणं आणि मजुरांवर देखरेख म्हणजे चालणं नव्हे.

उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की वयस्क माणूस नुसत्या त्यानंही गोंधळतो. ते स्मृतिभ्रंश समजू नका.

तंबाखूचा यात काय संबंध?

थेट संबंध आहे. बिडीनं वाहिन्यांचं अस्तर खराब होतं आणि वाहिन्या आकसतात. मळलेल्या तंबाखूत आणि मशेरीतही निकोटीन असतंच. नाडी आणि दाब दोन्ही चढतात. मशेरीबद्दल घरातल्या जिजींना कुणी विचारतच नाही. विचारा.

कोणत्या तपासण्यांवरून मेंदूचा अंदाज येतो? एमआरआय करून घेऊ का?

प्रत्येकाला एमआरआयची गरज नसते. त्याआधी स्वस्त खिडक्या उघडा. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासणं, कारण शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या कापाकाप न करता दिसतात त्या तिथेच. आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का, ते पाहणं. हे दोन्ही बिघडलेले असतील तर मेंदूतल्या बारीक वाहिन्यांचीही शंका घ्यावी.

पासष्टीनंतर वर्षातून एकदा विचारशक्तीची छोटी चाचणी व्हावी. तीन शब्द लक्षात ठेवायचे, घड्याळ काढायचं, मग शब्द सांगायचे. पण जी आजी कधी शाळेत गेली नाही, तिच्या हातात पेन देऊन घड्याळ काढायला लावणं अन्याय आहे. तिच्याबाबत घरच्यांना विचारावं: भाजीत मीठ दोनदा पडतं का, बाजारातून सुटे पैसे बरोबर आणते का, वाळवणाचं पीठ आता दुसऱ्याला भिजवायला सांगते का.

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं विसरायला होतं म्हणतात. खरं का?

बरीच वर्षं घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि त्यानं विसरणं, पायाला मुंग्या असं होतं. शाकाहारी घरांत ही शक्यता जास्त. रक्त तपासा, कमी असेल तर भरून काढता येतं. गोळी मनानं बंद करू नका. थायरॉइड, मनाची उदासी, कमी ऐकू येणं आणि घोरताना श्वास अडकणं ही कारणंही याच वेळी तपासून घ्यावीत. यातलं बरंचसं सुधारता येतं.

कालपर्यंत ठीक होते, आज अचानक बरळतायत. थांबून पाहू?

एक मिनिटही नाही. ग्लुकोमीटर असेल तर साखर मोजा. ७० च्या खाली आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतं असं काही असेल तर १०८ ला फोन करा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. शहादा-अक्कलकुव्याकडून मोठ्या रुग्णालयाचं अंतर पाहता, "सकाळी बघू" म्हटलं की ती वेळ निघून जाते.

त्यांना गोळ्यांची आठवण राहत नाही आणि आम्ही विचारलं की चिडतात. काय करावं?

चिडणं साहजिक आहे. ज्यानं आयुष्यभर घर चालवलं, त्याला सून विचारते "गोळी घेतली का?" आम्ही वडिलांसाठी सात खणांचा डबा आणला, पण भरायचं काम त्यांच्याकडेच ठेवलं. दर रविवारी सकाळी चहानंतर ते गोळ्या ओळीनं मांडत, मी समोर बसून भाजी निवडत असे. रक्तदाबाची वही त्यांना हवी तशी आखून दिली, डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला आकडे, अगदी खतावणीसारखी. त्या वहीत त्यांचा एकही दिवस कोरा गेला नाही.